सुकवणीच्या दिवसांतली खुर्ची

दसरा उलटला की एके दुपारी तो वास येतो. आमचं कॉलेज समुद्रापासून तसं लांब, मध्ये नारळाच्या वाड्या, पण वारा फिरला की ओल्या बोंबलांचा, मिठाचा आणि तापलेल्या बांबूंचा मिळून एक वास स्टाफरूमच्या खिडकीतून सरळ आत शिरतो. घाटावरून नव्याने आलेले आमचे एक सर नाकाला रुमाल लावून खिडकी बंद करतात. मी थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून उठते आणि ती परत उघडते. त्या बिचाऱ्यांना वाटतं, मला तो वास आवडतो. आवडतो का, खरंच सांगता येत नाही. तो आला की मला एका जागी बसवत नाही, एवढं मात्र खरं. पेपर तपासायला घेतले तर एकच पान तीनदा वाचते. घरी दूध उतू जातं. नवरा म्हणतो, "झाली वाटतं तुझी सुकवणी सुरू."

दरवर्षी होते. यंदा जरा जास्तच झाली आहे.

अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर या दिवसांत खिडकीशी बसलं की कोळीवाड्यांपाठच्या वाळूत वलांड्या उभ्या राहताना दिसतात. बांबू रोवायचे, आडवे बांधायचे, त्यांच्यामधून दोऱ्या ताणायच्या आणि त्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायचे, ही वलांडी. लांबून पाहिलं तर कुणीतरी चांदीची झालर टांगल्यासारखी दिसते. जवळ गेलं की माश्या, कावळे, बायकांचे आवाज आणि कुणाच्या तरी मोबाईलवर चाललेली गाणी. अशाच एका वाडीत मी माझ्या शिक्षणातला एक हंगाम काढला. वाडीचं नाव लिहीत नाही. ती मुरुडच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही. तिथल्या ज्या बाईबद्दल लिहायचं आहे तिला मी पोशीबाई म्हणणार आहे, आणि ते तिचं नाव नाही.

समाजकार्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे वर्गाबाहेर पडून प्रत्यक्ष माणसांत जायचं. एका संस्थेने मला ही वाडी दिली होती. माझं माहेर पेणचं, घरी मासे रविवारी शिजत, पण ते येत कुठून याच्याशी आमचा संबंध पिशवीपुरता. मी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, वही छातीशी धरून वाडीत उतरले. वहीत संवादकौशल्यांची टिपणं होती. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं. किंचित पुढे झुकून बसावं. हो-नाहीत उत्तर संपेल असा प्रश्न विचारू नये. समोरच्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत पुन्हा सांगून खात्री करून घ्यावी.

पोशीबाई वलांडीखाली पाय पसरून बसली होती. समोर पाटीत ओले बोंबील. दोन उचलायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, ती जोडी दोरीवर टाकायची. तिच्या हातांकडे पाहून मला वाटलं, हे काय, सोपं आहे. मी समोर उकिडवी बसले, किंचित पुढे झुकले आणि तिच्या डोळ्यांत पाहत विचारलं, "मावशी, तुमच्या दिवसाबद्दल काय सांगाल?"

तिनं हात न थांबवता म्हटलं, "सकाल झाली की उटते आनि रात झाली की झोपते."

"म्हणजे तुम्ही सकाळी लवकर उठता," मी टिपणात होतं तसं म्हणाले.

आता तिनं मान वर केली. "मी आताच बोलली ना गो? परत कशाला बोलतंस? मी काय बहिरी हाय?" शेजारच्या वलांडीवरच्या बायका खो खो हसल्या. माझे कान तापले. तिनं पाटी माझ्याकडे सरकवली. "हात चालव. हात चालला की त्वांड आपसूक चालतं."

बोंबलाचे दात बारीक असतात, पण असतात. पहिल्या दिवशी माझी बोटं रक्ताळली, जोड्या सुटून वाळूत पडल्या, आणि पोशीबाई प्रत्येक पडलेली जोडी उचलून धुऊन परत माझ्याच हातात देत राहिली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जमायला लागलं. मग कळलं की त्या वाडीत कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहून बोलतच नाही. सगळे डोळे मासळीवर. बोलणं कडेकडेने येतं, दोन जोड्यांच्या मधल्या फटीतून. विचारलं तर थांबतं. गप्प राहिलं की थोड्या वेळाने आपणहून पुढे सरकतं. वही मी पिशवीतून काढायचीच सोडून दिली. पाच वर्षं वर्गात बसून आलं नसतं एवढं ऐकणं मला त्या एका पाटीने शिकवलं, असं मी पुढे भाषणांतून सांगत आले. ते खरंही आहे. फक्त अर्धं आहे.

एका सकाळी, ऊन अजून कोवळं होतं, पोशीबाईने तिचा आजार मला सांगितला. आजाराचं नाव लिहीत नाही. बरा होणारा होता, सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळत होत्या, आणि तिच्या बोंबलांना त्यापासून काहीही होत नव्हतं. पण त्या आजाराचं नाव काढलं की लोक चार पावलं मागे सरतात, असा तो होता. गोळ्या ती घरात उघड्यावर ठेवत नव्हती. सुकटीच्या रिकाम्या डब्यात, वर कागद, कागदावर मूठभर सुकट, आणि खाली गोळ्या. घरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

"कोनाला बोलू नको," ती म्हणाली. "लोकं माज्या हातचं सुकं घेतील का मंग?"

मी म्हटलं, "नाही बोलणार, मावशी."

एवढंच झालं. तिनं पुढची जोडी दोरीवर टाकली. मी माझी टाकली. दवाखान्यात नियमित जायचं, गोळी चुकवायची नाही, हे मी तिला सांगितलं, आणि ती सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेत राहिली. माझ्या समोर ती हळूहळू बरी होत होती. मला केवढा अभिमान! जसं काही ते औषध मीच कुटून दिलं होतं.

आता जे लिहायचं ते लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

हंगामाच्या मध्यावर संस्थेने किहीमच्या बाजूच्या एका गावात बायकांची सभा ठेवली होती. त्याच आजाराबद्दल सांगायचं, तपासणीला या म्हणायचं. देवळाच्या मंडपात चाळीसेक बायका बसलेल्या, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हे कधी संपणार. संस्थेच्या ताईंनी माहिती सांगितली, कुणी हूं की चूं केलं नाही. मग माईक माझ्याकडे आला. आणि मला माहीत होतं की गोष्ट सांगितली की माणसं उघडतात. मी गोष्ट सांगितली. एका वाडीत एक बाई आहे, नाव काय करायचं आहे आपल्याला, बोंबील सुकवते, गोळ्या सुकटीच्या डब्यात लपवून ठेवते, आणि बघा, आज कशी ठणठणीत आहे! सभा हलली. बायका पुढे सरकल्या. मला चेव आला. ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहावी म्हणून मी म्हणाले, तिच्या वलांडीच्या टोकाला बांबू नाही, नवऱ्याच्या जुन्या होडीचं वल्हं रोवलेलं आहे.

(वल्हं नव्हतं ते. खूण दुसरी होती. इथे बदलली आहे. तेव्हा बदलण्याची अक्कल मला नव्हती.)

पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना गोष्ट भिडली. टाळ्या पडल्या. परतताना जीपमध्ये ताई म्हणाल्या, "तुझ्या बोलण्यात जादू आहे हं." मी ते शब्द रात्रभर जिभेवर घोळवले. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. मी घाबरून बोलले नव्हते, कुणी माझ्यावर जोर केला नव्हता, चुकून निसटलंही नव्हतं. मला माझाच आवाज आवडला होता.

घाटावरच्या माणसाला वाटेल, एक गाव कुठे नि दुसरं कुठे. पण या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीच्या लेकी दुसऱ्या वाडीत दिलेल्या. वाळवणाच्या जागा पिढ्यानपिढ्या ठरलेल्या, कोणाची वलांडी कुठे आणि कशाने बांधलेली हे पोरासोरांना पाठ. नाव लपवलं आणि वल्हं सांगितलं! इथं नावापेक्षा वल्हं ओळखीचं. तिच्या खऱ्या नावाच्या तर वाडीत चार बाया होत्या.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा वाडी तशीच होती. गाणी चालू होती, कावळे होते. पोशीबाईच्या शेजारची वलांडी मात्र चार हात पलीकडे सरकली होती. दरवर्षी येणारी व्यापारीण तिच्या ढिगापाशी न थांबता पुढे गेली होती. मी पोहोचले तेव्हा पोशीबाई एकटीच जोड्या लावत होती. मी नेहमीसारखी चप्पल काढून तिच्या शेजारी वाळूत बसायला वाकले, तर ती म्हणाली, "थांबा." आत गेली आणि घरातली निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. पदराने पुसली. वलांडीपासून जरा लांब, सावलीत ठेवली.

"बसा ताई," ती म्हणाली.

मी पाटीकडे हात नेला. "ऱ्हाऊ द्या. वास लागंल हाताला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, हाताला धरून वाडीबाहेर काढलं असतं, तर मी रडले असते, माफी मागितली असती, काहीतरी संपलं असतं. तिनं मला चहा दिला. बशीत दोन बिस्किटं दिली. पोरीची ताई झाली होती, तूचं तुम्ही. त्या खुर्चीवर बसून मी समोर पाहिलं तेव्हा पहिल्यांदा टिपणवहीत होतं तसं झालं. मी किंचित पुढे झुकून बसले होते आणि आमच्या दोघींच्या मध्ये काहीही नव्हतं.

"मावशी, मी नाव नव्हतं घेतलं," मी म्हणाले. माझ्या तोंडून माफीऐवजी हे निघालं.

"चा घ्या. गार व्हईल," ती म्हणाली.

त्या वर्षी तिचं सुकं वाडीत कुणी घेतलं नाही. ती पाट्या घेऊन एसटीने आत जायला लागली, दोन गाड्या बदलून पार पालीपर्यंत, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. वैशाखात मी एकदा पालीच्या बाजाराला गेले. गणपतीच्या दर्शनाला जाते असं मी घरी सांगितलं, आणि देवळाकडे फिरकलेही नाही. बाजाराच्या एका टोकाला, उन्हात, परक्या बायकांच्या रांगेत ती बसली होती. मी पुढे जाऊन अर्धा किलो बोंबील मागितले. तिनं मला ओळखलं नाही असं नाही. तिनं तोललं, वर मूठभर जास्त घातले, कुणालाही घालते तसे. "आनि काय देऊ, ताई?" मी काही नको म्हणाले. मागे गिऱ्हाइकं उभी होती. ते बोंबील आम्ही खाल्ले नाहीत. पावसाळाभर डब्यात राहिले, मग आईने शेजारी देऊन टाकले.

माझा क्षेत्रकार्याचा अहवाल मात्र उत्तम ठरला. कॉलेजातल्या बाईंनी लाल शाईत 'लोकांशी सहज नातं जोडते' असं लिहिलं होतं.

पुढे मी शिकवायला लागले. गोपनीयता हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नेमका दिवाळीच्या आधी येतो, वलांड्या उभ्या राहतात तेव्हाच. मी पुस्तक मिटते आणि म्हणते, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. मग वाडी, पाटी, बोंबलाच्या जोड्या, तो आजार, डब्यातल्या गोळ्या, वल्हं, सभा, खुर्ची. खुर्चीशी पोहोचले की वर्ग चिडीचूप होतो. एखादी मुलगी डोळे पुसते. वर्ष संपताना मुलं लिहून देतात, मॅडम किती प्रामाणिक आहेत. दहाबारा वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हे आता मला पाठ आहे.

यंदाच्या वर्गात सानिका नावाची एक मुलगी आहे. शेवटच्या बाकावर बसते, फार बोलत नाही. तास संपल्यावर सगळे गेले तरी ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पण तुम्ही ते वल्ह्याचं सांगितलंत ना..."

"हं?"

"माझी आत्या त्याच वाडीत दिलीय. मला कळलं त्या कोण ते." मग जरा थांबून, "तुम्ही आम्हाला हे सांगता ते त्यांना माहितीये का?"

मला पायाखालची जमीन सरकली वगैरे म्हणायचं नाही. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'संमती'. दहाबारा वर्षं, दरवर्षी तीसचाळीस मुलं. एका सभेत झालेली चूक मी इतक्या वेळा परत केली होती, आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "माहिती नाही."

पुढचे दोन दिवस वाईट गेले. वास सारखा येत होता. मी खिडकी उघडली आणि मीच बंद केली, त्या सरांनी चमकून पाहिलं. जायचं तर तोंड कुठलं घेऊन जायचं? नाही जायचं, तर गोष्ट गुपचूप बंद करावी, पुस्तकातलं एखादं उदाहरण द्यावं. कुणाला कळणार होतं? पण मग तेही तिला न विचारताच. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मुरुडच्या एसटीत बसले.

वाडी बदलली आहे. निम्म्या घरांवर माळे चढलेत, एका घरावर खोल्या भाड्याने मिळतील अशी पाटी आहे. वलांड्या आहेत तिथेच आहेत. पोशीबाई आता साठीच्या पुढे गेली असेल, केस पांढरे झालेत, हात तसेच चालतात. तिचं सुकं आता वाडीत परत जातं, हे तिच्या शेजारची वलांडी पाहून कळलं. ती परत जवळ आली आहे. कोणत्या वर्षी, ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

"या," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली. "खुर्ची आन गो."

खुर्ची आली. निळी नव्हती, लाल होती. मी बसले. आणि या वेळी गोल गोल न फिरता सांगून टाकलं. मी तुमची गोष्ट दरवर्षी वर्गात सांगते. नाव घेत नाही, पण सगळं सांगते. न विचारता सांगते. तेव्हाही चुकले, आताही चुकतेय, आणि माफी तेव्हाही मागितली नव्हती. ती मागायला आलेय.

तिनं एक जोडी लावली. दुसरी लावली. मी काही पुन्हा माझ्या शब्दांत सांगितलं नाही, पुढे झुकले नाही, गप्प बसले. एवढं तिनेच शिकवलं होतं.

"पोरी काय करतात आयकून?" तिनं विचारलं.

"रडतात. मग शहाण्या होतात, असं वाटतं मला."

"मंग सांगा की."

माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मासळीवरून नजर काढून माझ्या डोळ्यांत पाहत होती.

"चूक तुमची हाय, ती सांगा. मना काय झालता ते कशाला सांगता? त्यो आजार माजा हाय. त्यो माज्या जवल ऱ्हाऊ दे. आनि माजी वलांडीबी."

मी मान हलवली. किती साधी गोष्ट होती, आणि पदव्या घेऊन, पुस्तकं वाचून, दहाबारा वर्षं शिकवूनही ती मला दिसली नव्हती. मला माझी चूक आणि तिचं दुःख एकाच पाटीतलं वाटत होतं. जणू माझ्या कबुलीजबाबात तिच्या आजारावरही माझा हक्क होता.

सुनेने चहा आणला. बशीत दोन बिस्किटं. यंदाच्या मासळीवर, पावसावर, नातीच्या शाळेवर बोलणं झालं. अधूनमधून माझे हात पाटीकडे जायला शिवशिवत होते. ते मी मांडीत धरून ठेवले. मासळीच्या पाटीला हात लावू का, हेही आता विचारायला हवं होतं, आणि विचारण्याचा धीर मला झाला नाही. ऊन कलायला लागलं तशी मी उठले. ती मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, "तुज्या त्या पोरींना घेऊन ये कवातरी. बोंबील लावायला शिकवीन."

तू. पंधराएक वर्षांनी पुन्हा तू. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मी घाईघाईने म्हणाले, "आणते ना. पंधरावीस तरी आहेत."

"येऊ देत. खाली बसतील वाळूत," पोशीबाई म्हणाली, आणि पुढची जोडी दोरीवर टाकली. "खुर्ची काय, घरात एकच हाय."

ती कुणासाठी, हे तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.